दोन झटक्यांच्या मधला काळ : अपस्मार असलेल्या व्यक्तींचे मानसिक आरोग्य (वसई परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

एखाद्या व्यक्तीला वर्षातून सहा वेळा अपस्माराचा झटका येतो आणि प्रत्येक झटका सुमारे दोन मिनिटे टिकतो, असे गृहीत धरल्यास झटक्यांचा वर्षभरातील एकूण काळ बारा मिनिटे भरतो. वर्षाची मिनिटे पाच लाख पंचवीस हजारांहून अधिक होतात. झटक्यानंतरची ग्लानी, डोकेदुखी व थकवा यांचे तास त्यात मिळवले तरी उरलेला काळ प्रचंड आहे. वैद्यकीय उपचारांचे लक्ष स्वाभाविकपणे त्या बारा मिनिटांवर केंद्रित झालेले असते. रुग्णाचे आयुष्य मात्र उरलेल्या काळात घडते किंवा बिघडते. प्रस्तुत लेखात या मधल्या काळाचा, म्हणजे अपस्मारासह जगताना व्यक्तीच्या मनावर होणाऱ्या परिणामांचा विचार केला आहे. हे परिणाम केवळ व्याधीमुळे होत नाहीत. व्याधी लपवून ठेवावी लागते यामुळेही ते होतात, आणि लपवणुकीचा हा वाटा सामान्यतः समजला जातो त्याहून बराच मोठा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. मुंबईतील पारशी वसाहतींमध्ये झालेल्या व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सक्रिय अपस्माराचे प्रमाण दर हजारी ३.६ इतके आढळले होते. भारतातील इतर अनेक पाहण्यांत ते दर हजारी पाचच्या आसपास दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार शहर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. वरील दोन प्रमाणे तिला लावून पाहिल्यास त्या वर्षी या एकाच शहरात साडेचार ते सहा हजार व्यक्तींना अपस्मार असावा असे गणित येते. त्यानंतर नालासोपारा व विरारची वस्ती ज्या वेगाने वाढली, तो पाहता आजचा आकडा याहून मोठाच असणार. हा केवळ गणिती अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. तरीही त्यातून एक प्रश्न उभा राहतो. एवढ्या व्यक्ती आपल्या आसपास वावरत असताना त्या आपल्याला दिसत का नाहीत?

व्याधीचे स्वरूप

मेंदूतील चेतापेशींचे विद्युत्‌-संकेत एकाच वेळी व अतिरिक्त प्रमाणात निर्माण झाले की झटका येतो. एक झटका म्हणजे अपस्मार नव्हे. तीव्र ताप, रक्तातील साखर एकदम घटणे, मद्य अचानक बंद करणे अशा तात्कालिक कारणांनीही झटका येऊ शकतो. अशा कारणाशिवाय, चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन झटके आले, अथवा एकाच झटक्यानंतर पुढील दहा वर्षांत पुन्हा झटका येण्याची शक्यता किमान ६० टक्के आहे असे तपासणीत दिसले, तर अपस्माराचे निदान केले जाते. ही व्याख्या अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये मांडली. त्याच व्याख्येत एक आशादायक तरतूदही आहे. दहा वर्षे झटका आला नाही आणि त्यांतील शेवटची पाच वर्षे औषधाविना गेली, तर त्या व्यक्तीचा अपस्मार 'निवळला' असे मानावे. ही व्याधी जन्माची असते असा जो सार्वत्रिक समज आहे, त्याला येथेच छेद जातो. योग्य औषधोपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा लाभ होतो.

जमिनीवर कोसळणे, हातपाय झाडणे, तोंडाला फेस येणे हे झटक्याचे सर्वपरिचित रूप झाले. पण मेंदूच्या एखाद्याच भागातून उगम पावणारे झटके याहून अगदी वेगळे असतात. व्यक्ती एक-दोन मिनिटे शून्यात पाहत राहते, ओठ चाटते, हाताने कपडे चिवडते, प्रश्नाला उत्तर देत नाही आणि नंतर तिला त्यातले काही आठवत नाही. वर्गात असे घडले तर विद्यार्थ्याचे लक्ष नाही, एवढाच अर्थ लावला जातो. महाविद्यालयीन वयाशी विशेष निगडित असा आणखी एक प्रकार म्हणजे किशोरवयीन मायोक्लोनिक अपस्मार. तो बहुधा बारा ते अठरा या वयात सुरू होतो. सकाळी उठल्यावर हातांना अचानक हिसके बसतात, चहाचा कप किंवा दात घासण्याचा ब्रश हातातून उडतो. घरचे लोक याला धांदरटपणा म्हणतात. मग परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण होते आणि पहाटे पहिला मोठा झटका येतो. झोप अपुरी होणे हे झटक्याचे सर्वांत नेहमीचे निमित्त आहे.

वसईच्या संदर्भात एका कारणाचा उल्लेख आवश्यक वाटतो. पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसल्याने होणारा अपस्मार भारतात बऱ्याच प्रमाणात आढळतो. हा आजार डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच होतो, असा समज असल्याने मिश्र वस्तीच्या भागात तो एका समाजाच्या आहाराशी जोडला जाण्याचा धोका असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. अर्धकच्च्या मांसातून आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतील गाठी मात्र कृमीची अंडी पोटात गेल्याने होतात, आणि ही अंडी मानवी विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, हातांतून किंवा नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोहोचतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी व्यक्तीलाही हा आजार होतो. दोष शौचव्यवस्थेचा आहे, कोणाच्या ताटाचा नाही.

नावे आणि त्यांची ओझी

'अपस्मार' या शब्दाचा अर्थ स्मृतीचा अपगम असा होतो. चरकसंहितेत या रोगाचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले असून काम, क्रोध, भय, शोक, चिंता यांनी मन व्यापले जाणे हा त्याच्या उत्पत्तीचा एक भाग मानला आहे. कारणमीमांसा म्हणून हे आज स्वीकारता येणार नाही. पण मनःस्थिती आणि झटके यांचा संबंध जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता, एवढे निश्चित. लोकभाषेत फेफरे, मिरगी, आकडी, फिट असे शब्द रूढ आहेत. यांपैकी 'फेफरे' हा शब्द मराठीत व्याधीपेक्षा उपहासासाठी अधिक वापरला जातो, ही बाब लहान वाटली तरी वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला ती लहान वाटत नसेल. अभ्यासकांच्या लेखनात 'अपस्मारी' किंवा 'अपस्मारग्रस्त' याऐवजी 'अपस्मार असलेली व्यक्ती' असा प्रयोग केला जातो, त्यामागेही हीच जाणीव आहे.

दुसरे ओझे स्थळनामाचे आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली स्थापन झाले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात येईपर्यंत वसई हा ठाणे जिल्ह्याचाच तालुका होता. म्हणजे कोर्टकचेरी, जमिनीचे कागद आणि मनोरुग्णालय हे सर्व एकाच गावी. 'ठाण्याला पाठवणे' हा वाक्प्रयोग सबंध महाराष्ट्रात वेड या अर्थाने चालतो. जिल्ह्याचेच ठिकाण असलेल्या वसईकराला तो अधिकच जवळचा. अपस्मार ही मज्जासंस्थेची व्याधी आहे, मनोविकार नव्हे. परंतु अपस्माराच्या रुग्णाला नैराश्य आले आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला मिळाला की कुटुंब बिचकते. एका कलंकातून कसेबसे सावरत असताना दुसरा कोण अंगावर घेणार? परिणामी मेंदूचा उपचार चालू राहतो आणि मनाचा होत नाही.

अंगारे-धुपारे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे, बाधा काढणे हे प्रकार कमी झाले असले तरी संपलेले नाहीत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे अशा कृत्यांचा नावानिशी समावेश करावा लागला. झटका येणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला पूर्वापार काय येत आले आहे, याची कल्पना त्या यादीवरून येते.

लपवणूक : एक सामाजिक यंत्रणा

ग्रॅहम स्कॅम्बलर आणि अँथनी हॉपकिन्स यांनी १९८६ मध्ये लंडन परिसरातील अपस्मार असलेल्या व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी कलंकाचे दोन भाग पाडले. प्रत्यक्षात झालेला भेदभाव हा एक, आणि भेदभाव होईल या भीतीसह वाटणारी लाज हा दुसरा. त्यांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. बहुतेकांनी निदान होताच ते लपवण्याचा मार्ग पत्करला होता. लपवल्यामुळे प्रत्यक्ष भेदभावाचे प्रसंग कमी आले. पण मनातील भीतीने त्यांच्या आयुष्याची जेवढी हानी केली, तेवढी प्रत्यक्ष भेदभावाने केली नव्हती. आणखी एक गोष्ट अशी की, ही लाज बहुधा घरातच शिकवली जात होती. 'कोणाला सांगू नकोस' हे आईवडिलांचे पहिले वाक्य. हेतू संरक्षणाचा असतो. पण मुलापर्यंत पोहोचणारा अर्थ असा की, आपल्यात काहीतरी सांगण्याच्या लायकीचे नाही.

हा अभ्यास लंडनचा असला तरी महाराष्ट्रात त्याला कायद्याचेच पाठबळ होते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने 'वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके' येणारी व्यक्ती विवाहास अपात्र ठरवली होती आणि असा विवाह रद्द करून घेण्याची वाट खुली केली होती. विशेष विवाह कायद्यातही तशीच तरतूद होती. वेड आणि अपस्मार एकाच कलमात, एका 'किंवा'ने जोडलेले होते. अपस्मार क्षेत्रात काम करणाऱ्या संघटनांच्या प्रयत्नांनंतर १९९९ च्या दुरुस्तीने दोन्ही कायद्यांतून 'अपस्मार' हा शब्द वगळण्यात आला. तोवर तेवीस वर्षे गेली होती. वसईत हिंदू व ख्रिस्ती दोन्ही समाज मोठ्या संख्येने आहेत आणि ख्रिस्ती विवाहविषयक कायद्यात अशी अट नव्हती, हे खरे. पण स्थळ पाहताना होणारी चौकशी कोणता कायदा लागू आहे हे विचारून होत नाही.

कायदा बदलल्यावर पेच संपला असेही नाही. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली, तर फसवणुकीच्या कारणाखाली विवाह रद्द करण्याची मागणी आजही करता येते. म्हणजे सांगितले तर लग्न जमत नाही आणि न सांगितले तर जमलेले मोडू शकते. या पेचात सापडलेल्या नववधूची अवस्था विचारात घ्यावी. सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून ती त्या दुसऱ्या डबीत ठेवते, कधी घेते, कधी चुकवते. गोळी चुकल्याने झटका येतो आणि ज्या गोष्टीसाठी सारा आटापिटा चालला होता तीच उघड होते. लपवणूक झटक्याचे कारण बनते, ते असे. पुढे गरोदरपणाचा प्रश्न येतो. सोडियम व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला घातक ठरू शकते. ते आधीच बदलून घेणे शक्य असते, पण त्यासाठी गर्भधारणेपूर्वी डॉक्टरांशी मोकळे बोलणे झालेले असावे लागते. औषध परस्पर बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने आई व बाळ दोघांनाही धोका होतो.

२०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे पत्नीच्या अपस्माराच्या कारणावरून घटस्फोट मागणारे प्रकरण आले. अपस्मार हा असाध्य रोग किंवा मनोविकार मानता येणार नाही आणि त्या कारणावरून घटस्फोट देता येणार नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने पतीचे अपील फेटाळले. निकाल स्वागतार्हच आहे. तथापि ज्या स्त्रीला असा निकाल मिळवावा लागतो, तिची मधली वर्षे न्यायालय परत देऊ शकत नाही.

लपवणुकीच्या विरुद्ध दिशेचे काम पुण्यात झालेले आहे. यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या अपस्माराविषयी जाहीरपणे बोलून व लिहून 'संवेदना फाउंडेशन'च्या माध्यमातून स्वमदत गट उभा केला आणि अपस्मार असलेल्यांसाठी वधूवर सूचक उपक्रमही चालवला. त्यातील मर्म असे की, तेथे नाव नोंदवणारा प्रत्येक जण व्याधी सांगूनच सुरुवात करतो. जी गोष्ट शेवटपर्यंत दडवायची, तीच पहिल्या ओळीत आल्यावर दडवण्याचे श्रम उरत नाहीत.

मन आणि मेंदू

अपस्मारातील नैराश्याला केवळ परिस्थितीजन्य दुःख मानणे चुकीचे ठरेल. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लोकसंख्याधारित अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींत नैराश्य आढळले. चिंताविकारांचे प्रमाणही मोठे आहे. शिवाय हा संबंध दुहेरी आहे. आइसलँडमधील लोकसंख्येवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना पूर्वी तीव्र नैराश्य येऊन गेले होते त्यांच्यात पुढे झटके सुरू होण्याचा धोका अधिक दिसला. याचा अर्थ, दोहोंच्या मुळाशी मेंदूतील काही समान प्रक्रिया असाव्यात. भावनांचे नियमन करणारे कानशिलामागील खंडातील भाग आणि प्रौढांतील अनेक झटक्यांचे उगमस्थान हे एकमेकांच्या शेजारीच, कित्येकदा एकाच जागी असतात. काही रुग्णांना झटक्यापूर्वी काही तास अकारण चिडचिड किंवा उदासी जाणवते. झटक्यानंतर एक-दोन दिवस मन खचते. क्वचित एखाद-दुसरा दिवस बरा जाऊन भ्रम व संशय यांचा तात्पुरता उद्रेक होतो. घरच्यांना हे स्वभावाचे दोष वाटतात.

औषधांचाही यात वाटा असतो. फेनोबार्बिटोन स्वस्त व परिणामकारक असले तरी त्याने मरगळ आणि नैराश्य येऊ शकते. आता सर्रास दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटॅममुळे काही रुग्णांत चिडचिड व आक्रमकता वाढते. लॅमोट्रिजिनसारखी औषधे मनःस्थितीला तुलनेने अनुकूल असतात. म्हणजे गोळी बदलल्याने मुलाचा 'स्वभाव' बदलण्याची शक्यता असते. पण ती बदलायची तर डॉक्टरांना स्वभावाबद्दल सांगावे लागते, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पालक फक्त झटक्यांची संख्या सांगून उठतात. झटका येणाऱ्याला नैराश्याची औषधे देता येत नाहीत, हाही एक दृढ गैरसमज आहे. बुप्रोपिऑन, क्लोमिप्रामिन अशी काही औषधे टाळावी लागतात. परंतु आज प्रचलित असलेली बहुतेक नैराश्यविरोधी औषधे नेहमीच्या मात्रेत सुरक्षित मानली जातात.

सर्वांत गंभीर बाब आत्महत्येच्या धोक्याची. डेन्मार्कमधील २००७ च्या मोठ्या अभ्यासात अपस्मार असलेल्यांमध्ये हा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला आणि निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत तो अधिक होता. अनेक अपस्मार किशोरवयात सुरू होतात हे ध्यानात घेता, अकरावी-बारावी किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात निदान झालेला विद्यार्थी हा सर्वाधिक लक्ष पुरवण्याजोगा ठरतो. नैराश्य ओळखण्यासाठी अपस्मार असलेल्यांकरिता सहा प्रश्नांची एक चाचणी २००६ पासून उपलब्ध आहे. ती पूर्ण करण्यास फार तर तीन मिनिटे लागतात. तीन मिनिटेही नसतात तेव्हा 'झोप लागते का, कशात मन रमते का, जगणे नकोसे वाटते का' हे तीन साधे प्रश्न कोणीही विचारू शकतो. असा प्रश्न विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, ही भीती निराधार आहे. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे.

काही झटके मेंदूतील विद्युत्‌-गडबडीमुळे नव्हे, तर असह्य मानसिक ताणामुळे येतात, हेही येथे नोंदवले पाहिजे. त्यांना ढोंग म्हणणे अन्यायाचे आहे. व्यक्ती ते मुद्दाम करीत नसते. चित्रफितीसह मेंदूआलेख घेतल्यास दोहोंतील फरक कळतो. आणि अशा झटक्यांवर अपस्माराच्या गोळ्या नव्हे, तर मानसोपचार उपयोगी पडतो.

वसईतला दिवस

वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५२ किलोमीटर आहे. पश्चिम रेल्वेच्या गाडीत दारात लोंबकळत केला जाणारा हा प्रवास निरोगी माणसाचीही कसोटी पाहतो. जागा मिळावी म्हणून पहाटेची गाडी पकडायची, रात्री दहाला परतायचे, म्हणजे झोपेवर रोज दोन-तीन तासांची काट. अपस्मार असलेल्याच्या दृष्टीने ही झोप औषधाइतकीच महत्त्वाची असते. त्यात फलाटाच्या कडेला उभे राहण्याची भीती. गर्दीत कोसळलो तर? कोणी दारूडा समजले तर? खिशातील पाकीट जाईल, की दप्तर? अशा प्रश्नांनी ग्रासलेला मनुष्य हळूहळू मुंबईची नोकरी सोडून जवळच काही पाहू लागतो. जवळ म्हणजे वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहती. तेथे यंत्रे आणि रात्रपाळी. दोन्ही त्याला वर्ज्य. विशेषोपचारासाठी मात्र परळच्या केईएम किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयापर्यंत याच गाडीने जावे लागते, आणि सोबत येणाऱ्याचाही एक दिवसाचा रोजगार बुडतो. झटके थांबले की औषध आणायला जाण्याचा कंटाळा येतो. औषध सुटते ते बहुधा याच टप्प्यावर.

जुन्या गावांतील प्रश्न वेगळे आहेत. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांत बावखले आणि विहिरी आहेत. वाडीला पाणी शिंपण्याचे, भाजी धुण्याचे काम यांच्या काठावर चालते. पाण्यात असताना झटका आला तर गुडघाभर पाणीही जीव घेते. त्यामुळे बावखलावर एकट्याने न जाणे हा नियम रास्तच आहे. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळीवाड्यांत होडीवर जाणे आणि माडावर चढणे यांनाही तोच न्याय. अडचण अशी की, रास्त नियमाच्या मागोमाग गैरवाजवी नियम येतात. विहिरीवर जाऊ नको, मग चुलीपाशी जाऊ नको, मग सायकल नको, सहल नको, लग्नाच्या वरातीत नको. पंचवीस वर्षांच्या मुलाला आई स्नानगृहाची कडी लावू देत नाही. कडीऐवजी बाहेर 'आत कोणी आहे' अशी पाटी अडकवली, तर सुरक्षितता आणि आब दोन्ही राखता येतात. पण असा उपाय कोणी सुचवलेलाच नसतो. अतिरक्षणात वाढलेल्या मुलाला निर्णय घेण्याची सवय राहत नाही आणि झटके पूर्ण थांबल्यानंतरही तो आजारीच राहतो. शस्त्रक्रियेने बरे झालेल्या काही रुग्णांना चांगल्या आरोग्याचेच ओझे वाटते, असे निरीक्षण आहे. आजाराने दिलेली सवलत जाते, पण गमावलेली वर्षे आणि कौशल्ये परत येत नाहीत.

सणांचा मुद्दाही यातलाच. नवरात्रातील गरबा, गणपतीतील जागरण, नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, लेंटमधील किंवा चतुर्थीचा उपवास, यांत झोप मोडते आणि गोळीची वेळ चुकते. उपवासाला गोळी चालत नाही असे मानणारे अनेक जण आढळतात. धर्मगुरू किंवा पुरोहित यांनी एकदा स्पष्ट सांगितले तर डॉक्टरांच्या दहा सूचनांहून ते अधिक ऐकले जाईल.

महाविद्यालयात

वर्गात झटका आल्यास करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. वेळ पाहावी. आसपासचे बाक, कंपासपेटी दूर सारावी, डोक्याखाली मऊ काही ठेवावे आणि व्यक्तीला कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये; कांदा व चप्पल यांचा काहीही उपयोग नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांहून अधिक काळ चालला, लागोपाठ दुसरा आला किंवा दुखापत झाली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. एवढे प्रत्येक अध्यापकास व शिपायासही ठाऊक असणे पुरेसे आहे.

खरी अडचण झटका थांबल्यानंतर सुरू होते. विद्यार्थी डोळे उघडतो तेव्हा भोवती चाळीस चेहरे असतात, कधी कपडे ओले झालेले असतात, आणि काय घडले ते त्याला माहीत नसते. त्या क्षणाची लाज पुढे कित्येक महिने टिकते; अनेक विद्यार्थी झटक्यामुळे नव्हे, तर झटक्यानंतरच्या पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकता न आल्याने शिक्षण सोडतात. म्हणून त्या वेळी वर्ग बाहेर पाठवणे आणि एकाच ओळखीच्या व्यक्तीने जवळ थांबणे, ही कृती प्रथमोपचाराइतकीच निकडीची आहे. दुसऱ्या दिवशी वर्गाला काय सांगायचे, हे त्या विद्यार्थ्याला विचारून ठरवावे. तो 'काहीच सांगू नका' म्हणाला, तर तेही मान्य करावे. लपवणुकीचे दुष्परिणाम कितीही असले तरी प्रकट होण्याचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा नसतो.

परीक्षेच्या काळात झटका आल्यास अंतर्गत चाचणी पुन्हा घेणे, प्रयोगशाळेत बर्नरपाशी किंवा जलतरणात जोडीदार देणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात नाव न वगळता जागरणाची कामे वगळणे, या गोष्टी प्राचार्य व विभागप्रमुखांच्या अखत्यारीत सहज बसतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत अपस्माराचा स्वतंत्र उल्लेख नसल्याने केवळ अपस्मार असलेल्या विद्यार्थ्याला बहुधा प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्यामुळे नियमावलीतील सवलतीही मिळत नाहीत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अपस्मार व इतर मज्जाविकारांसाठी २०२२ ते २०३१ या दशकाचा कृती आराखडा स्वीकारला असून त्यात उपचारांबरोबरच भेदभाव दूर करणाऱ्या कायद्यांची अपेक्षा व्यक्त केली आहे. अधिनियमातील ही उणीव दूर होईपर्यंत प्रमाणपत्राऐवजी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निर्णय घेण्याचे काम महाविद्यालयालाच करावे लागेल.

प्रवेश अर्जात 'कोणताही आजार आहे काय?' असा रकाना बहुतेक ठिकाणी असतो. अपस्मार असलेले विद्यार्थी तेथे 'नाही' लिहितात. कारण तो अर्ज खिडकीवर, रांगेतल्या सर्वांदेखत दिला जातो आणि माहितीचे पुढे काय होते ते कोणी सांगत नाही. त्याऐवजी प्रवेश पूर्ण झाल्यावर, समुपदेशक किंवा वर्गशिक्षकाकडे बंद लिफाफ्यात देण्याचे, 'प्रसंगी आपल्याला कशी मदत करावी?' असा एकच प्रश्न असलेले पत्रक ठेवता येईल, आणि ते पत्रक कोण वाचणार हे त्यावरच छापता येईल.